मोजक्या पैशांत कॉलेजसाठी लॅपटॉप: काय बघून घ्यावा आणि घरी आल्यावर काय करावं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश झालाय, पैसे मोजके आहेत आणि लॅपटॉप पूर्ण अभ्यासक्रमभर पुरायला हवा. समोर दोन आहेत. एकात कोअर आय-७ प्रोसेसर पण रॅम, म्हणजे चालू कामं मावतात ती मेमरी, ८ जीबी, दुसऱ्यात रायझन ५ प्रोसेसर आणि रॅम १६ जीबी. किंमत जवळपास सारखीच. मित्र म्हणतात दोन्ही सोड, गेमिंगचा घे. शिवाय मशीन हातात आल्यावर आधी काय करायचं, हेही विचारलं आहेस.

मी १७ वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. टेबलावर सगळ्यात जास्त येतात ते विद्यार्थ्यांचे, तीन-चार वर्षं पाठीवरच्या बॅगेतून फिरलेले. त्यांच्याकडे बघून माझं एक मत पक्कं झालंय. प्रोसेसर कमी पडला म्हणून बाजूला टाकावा लागला, असा लॅपटॉप क्वचित येतो. रॅम पुरत नाही आणि वाढवता येत नाही, बिजागरी उखडते, स्क्रीन इतकी फिकट असते की दोन तासांत डोळे दुखतात, ही खरी कारणं असतात. म्हणून घेताना प्रत्येक भागाबद्दल एकच विचारायचं: हा नंतर बदलता येईल का? जो बदलता येणार नाही, त्यावर आज पैसे घाल. जो बदलता येईल, तो सध्या साधा असला तरी चालेल.

त्या हिशेबाने तुझ्या दोघांपैकी १६ जीबीचा घे. मात्र त्या रायझनचा पूर्ण नंबर आणि स्क्रीन, या दोन गोष्टी आधी तपास.

८ जीबीचं काय होतं ते मी रोज बघतो. ‘लॅपटॉप स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या’ म्हणत मुलं येतात. मी टास्क मॅनेजर उघडतो. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, शेजारी कोड एडिटर, मागे ऑनलाइन लेक्चर चालू. मेमरीखाली आकडा दिसतो ७.३ पैकी ६.८ जीबी. ८ मधले वरचे ०.७ कुठे गेले? ते ग्राफिक्सने आधीच बाजूला काढलेले असतात, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून चालतं. उरलेल्यात मावलं नाही की विंडोज काही भाग एसएसडीवर, म्हणजे फाइल साठवायच्या डिस्कवर, नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. एसएसडी कितीही चपळ असली तरी रॅमपुढे ती फार संथ. म्हणून एका खिडकीतून दुसरीत जाताना मशीन क्षणभर अडकतं. फॉरमॅट मारून दिलं की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तुला तर पुढे अँड्रॉइडचा एम्युलेटर, व्हर्च्युअल मशीन, डॉकर, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा फोन किंवा कॉम्प्युटर असल्यासारखं चालवणारी सॉफ्टवेअर, हे सगळं लागणार. त्याला १६ जीबी हवीच.

आता ही रॅम वाढवता येते का ते बघ. काही लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाक देऊन कायमची जोडलेली असते, काहींत एक स्लॉट मोकळा असतो, काहींत अर्धी सोल्डर केलेली आणि अर्धी स्लॉटमध्ये. दुकानातल्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं. कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलचं तपशीलपत्रक काढ आणि त्यात ‘ऑनबोर्ड’, ‘सोल्डर्ड’ किंवा ‘एसओ-डिम स्लॉट’ हे शब्द शोध. रॅमच्या नावात सुरुवातीला ‘एलपी’ असेल, म्हणजे एलपीडीडीआर, तर ती जवळपास नेहमी सोल्डर केलेलीच असते. पुढे रॅमची सुटी पट्टी, म्हणजे स्टिक, घ्यायची झाली तर डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. एकाच १६ च्या स्टिकपेक्षा ८-८ च्या दोन असतील तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चांगलं पळतं, कारण दोन वाटांनी माहिती येते. पण एकच स्टिक आणि एक स्लॉट रिकामा असेल तर तेही वाईट नाही, पुढे वाढवायला जागा राहते. फक्त ‘रॅम पुढच्या वर्षी स्वस्त होईल’ असं धरून चालू नकोस. तिचे भाव खूप वरखाली होतात.

प्रोसेसरच्या नावांनी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आय-७ म्हणजे आय-५ पेक्षा नेहमीच जोरकस, असं नाही. इंटेलचा आय-७ १२५५यू घे. प्रोसेसरच्या आत प्रत्यक्ष काम करणारे भाग म्हणजे कोअर. यात मोठे, म्हणजे जड काम ओढणारे कोअर दोनच आहेत आणि कमी वीज खाणारे छोटे आठ. त्याच पिढीच्या आय-५ १२४०पी मध्ये मोठे कोअर चार आहेत. शेवटचं अक्षर बघायची सवय लाव. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त वीज खाऊन जास्त काम करणारा आणि त्यामुळे तापणाराही, पी मधला. २०२३ च्या शेवटी इंटेलने ‘आय’ काढून ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावं सुरू केली. त्यात ‘अल्ट्रा’ नसलेल्या काही चिप आतून आधीच्याच पिढीच्या आहेत. आणि एन१०० सारख्या नावाची चिप दिसली तर तिथून पुढे जा. टायपिंग आणि व्हिडिओ बघायला ती ठीक आहे. तुझ्या अभ्यासाला पुरणार नाही.

रायझनचा पूर्ण नंबर बघ म्हणालो ते यासाठी. एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा विक्रीचं वर्ष दाखवतो, आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे २०१९ ची झेन २ रचना, कोअर चार, आणि रॅम सोल्डर केलेली. रायझन ५ ७५३०यू मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, कोअर सहा. पाटीवर दोघांचंही नाव ‘रायझन ५, ७००० मालिका’. फरक एका आकड्याचा दिसतो, पण तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट कंपाइल करताना तो चांगलाच जाणवतो. तुझ्या समोरचा ७५३०यू किंवा त्याहून वरचा असेल तर निर्धास्त घे. ७५२०यू निघाला तर तिसरा पर्याय शोध.

स्क्रीनवर लोक सगळ्यात कमी विचार करतात. चार वर्षं जिच्याकडे बघायचं ती हीच, आणि नंतर बदलायची तर खर्च फार. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन कुणी फुकट जोडून दिली तरी घेऊ नकोस. १९२० बाय १०८० किमान हवी, १९२० बाय १२०० मिळाली तर कोडच्या चार ओळी जास्त दिसतात. पॅनेल आयपीएस असावं. ओळखायला सोपं आहे: दुकानात समोरून बघ, मग मान खाली करून खालून बघ. टीएन या जुन्या, स्वस्त प्रकारच्या पॅनेलवर चेहरे काळपट आणि उलट्या रंगाचे दिसायला लागतात, आयपीएसवर चित्र तसंच राहतं. उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये २५० निट्स सर्रास असतं, खोलीत चालतं, खिडकीजवळ बसलं की फिकं पडतं. ३०० किंवा वर असेल तर बरं. तपशीलात ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं तर रंग फिके असणार हे समज. कोड लिहायला अडत नाही, पण फोटो-व्हिडिओचं काम करायचं असेल तर ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोध.

दुकानात गेल्यावर आणखी दोन मिनिटं हाताने तपासायला दे. झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघड आणि बिजागरीजवळचं प्लास्टिक बघ. ते वाकत असेल, करकर वाजत असेल तर माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपची ती सुरुवात आहे. बहुतेक स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू पितळी नटांमध्ये बसतात आणि ते नट प्लास्टिकमध्ये नुसते रुतवलेले असतात. बिजागरी घट्ट असली आणि झाकण रोज एकाच कोपऱ्याने ओढलं की एक दिवस नट प्लास्टिकसकट बाहेर येतो. मग वरचं कव्हर, कधी खालचं, कधी स्क्रीनही बदलावी लागते. म्हणून कुठलाही लॅपटॉप घेतलास तरी झाकण मधोमध धरूनच उघड. दुसरं, कीबोर्डवर एक परिच्छेद खरोखर टाइप करून बघ. मधला भाग बोटाखाली दबत असेल तर तो रोज त्रास देणार.

बॅटरीसाठी ‘इतके तास चालते’ हे वाक्य वाचू नकोस, वॉट-अवर बघ. ४० च्या आसपास असेल तर कॉलेजमध्ये चार्जर न्यावाच लागेल. ५० ते ६० मध्ये यू मालिकेचा प्रोसेसर असेल तर दिवसाची लेक्चर बहुधा निघतात. टाइप-सी पोर्टने चार्ज होतो का, हेही विचार. पोर्ट टाइप-सी दिसतो म्हणून त्यातून चार्जिंग किंवा मॉनिटर चालेलच असं नाही, पोर्टजवळची खूण किंवा तपशीलपत्रक बघावं लागतं.

एसएसडीवर फार डोकं लावू नकोस. ५१२ जीबी, एनव्हीएमई, एम.२ स्लॉटमध्ये बसणारी असली की झालं. तीच भरली तर पुढे मोठी टाकता येते, जुन्यातला डेटा नव्यावर जसाच्या तसा उतरवता येतो. फक्त ईएमएमसी, म्हणजे स्वस्तातली साठवण, लिहिलेलं मशीन टाळ, ती बोर्डवरच असते आणि संथ असते. आणि विंडोजमध्ये ५१२ ऐवजी ४७६ दिसले तर घाबरू नकोस. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. डिस्क तेवढीच आहे.

गेमिंग लॅपटॉपबद्दल माझं स्पष्ट मत: तुझ्या अभ्यासक्रमासाठी गरज नाही. त्याच किमतीत ग्राफिक्स कार्ड बसवायचं म्हणजे कंपनी पैसे दुसरीकडून वाचवणार, बहुतेक वेळा स्क्रीन, बॅटरी आणि बॉडीतून. वजन वाढतं, चार्जर विटेएवढा होतो. शिवाय कार्डाच्या नावावरून त्याची ताकद कळत नाही. लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०५० हा ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर चालवलेला असू शकतो. नाव एकच, काम फार वेगळं. मशीन लर्निंग शिकायला कार्ड लागेल ही भीती असेल तर गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर ठरावीक मर्यादेत मोफत जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची चिप, वापरायला मिळतो, पहिली दोन वर्षं त्यावर निघतात. थ्रीडी, गेम डेव्हलपमेंट किंवा जड व्हिडिओ एडिटिंग हाच विषय असेल तर गोष्ट वेगळी.

ज्यांचा विषय वेगळा आहे त्यांच्यासाठी एवढंच: आधी विभागाकडून सॉफ्टवेअरची यादी मागा. सॉलिडवर्क्स, रेव्हिट यांसारखी डिझाइनची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, त्यामुळे मॅक घेऊन अडकायला होतं. स्नॅपड्रॅगनच्या चिपवरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला छान आहेत, पण लॅबमधल्या जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत असं होऊ शकतं. मॅक घ्यायचाच असेल तर लक्षात ठेवा, एम मालिकेच्या चिपवरच्या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवताच येत नाही, त्यामुळे १६ जीबीखाली जाऊ नका.

आणखी एक वाट आहे, तुझ्या यादीत नाही पण सांगतो. ऑफिसमधून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे लॅपटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले, मिळतात. त्यांची बॉडी आणि कीबोर्ड त्याच पैशांतल्या नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी चांगले असतात आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम, एसएसडी, बॅटरी चार स्क्रू काढून बदलता येते. घेताना इंटेलची किमान आठवी पिढी हवी, कारण त्याआधीच्या जवळपास सगळ्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. तिथे पासवर्ड मागितला तर ते घेऊ नकोस. बॅटरी थकलेली असणार हे धरून तिचे पैसे वेगळे ठेव.

एकूण रकमेतला दहावा हिस्सा बाजूला ठेव, तो मशीनवर खर्च करू नकोस. त्यातून एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक जाड कप्प्याची बॅग येईल. ऑफिससाठी पैसे घालण्याआधी कॉलेजचा ईमेल मिळू दे, बऱ्याच संस्था त्यावर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस देतात. नाही मिळालं तर लिबरऑफिस मोफत आहे.

आता हातात आल्यावर. परत करायची मुदत संपेपर्यंत खोका टाकू नकोस आणि खोका उघडताना सलग एक व्हिडिओ काढ. खोक्यावरचा सीरियल नंबर मशीनखालच्या नंबराशी जुळव, तोच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून चालू झाली ते बघ. दुकानात महिनोन् महिने पडून असलेल्या मशीनची वॉरंटी कधीकधी आधीच सुरू झालेली दिसते, बिल दाखवून ती तारीख सुधारून घेता येते. पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, पूर्ण लाल चित्र स्क्रीनभर लावून मेलेला पिक्सेल, म्हणजे रंग न बदलणारा ठिपका, शोध. नोटपॅड उघडून प्रत्येक की दाब. प्रत्येक पोर्टात पेनड्राइव्ह लाव, कॅमेरा, माइक, हेडफोन तपास. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर रॅम किती, स्लॉट किती आणि भरलेले किती ते दिसतं. पाटीशी जुळतंय ना ते बघ. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ लिहून एक जागा सोड, तिरपी रेघ आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’ लिही, इंग्रजीत असं: powercfg /batteryreport एक फाइल तयार होते, तिच्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. नव्या मशीनमध्ये ते जवळजवळ सारखे हवेत. मोठी तफावत असेल तर मुदतीतच परत कर.

मग चार्जर लावून विंडोजचे सगळे अपडेट होऊ दे, दोन-तीनदा रिस्टार्ट होईल. कंपनीच्या साइटवरून बायोस आणि ड्रायव्हर घे. ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीसी क्लीनर’ असली सॉफ्टवेअर टाकू नकोस, मी ती काढण्यात आयुष्याचे किती तास घालवले ते मलाच माहीत. सोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस काढून टाक, विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि अ‍ॅक्टिव्हेटर यांच्यापासून लांब राहा, मुलांच्या मशीनमध्ये व्हायरस येतो तो बहुतेक वेळा याच वाटेने. स्टार्टअपमधल्या नको त्या गोष्टी बंद कर. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू कर, कारण हॉस्टेलवर लॅपटॉप कायम चार्जिंगलाच असतो आणि १०० टक्क्यांवर तापत राहिलेली बॅटरी लवकर थकते. गादीवर ठेवून वापरू नकोस, खालची जाळी बंद होते.

कुणी ‘सी ड्राइव्ह १०० जीबीची पाडून देतो, बाकी डी’ म्हणालं तर नको म्हण. तीन सॉफ्टवेअर टाकली की सी भरते, विंडोजचे अपडेट अडतात आणि डी रिकामीच राहते. एकच सी ठेव, त्यात फोल्डर कर.

सगळ्यात महत्त्वाचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. गेल्या वर्षी शेवटच्या सेमिस्टरची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. बायोसचा अपडेट झाला आणि रिस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते आणि ती रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. तिच्या दुकानदाराने सुरुवातीला सेटअप करून देताना घाईत भलताच ईमेल बनवला होता. तो कुणालाच आठवेना. डिस्क धडधाकट, प्रोजेक्ट आतच, आणि मला हात लावता आला नाही. चावीशिवाय ते उघडण्याचा मार्गच नाही. म्हणून पहिला सेटअप दुसऱ्या कुणालाही करू देऊ नकोस. स्वतःच्या, पुढेही टिकणाऱ्या ईमेलने कर, खात्यात जाऊन ती की बघ आणि कागदावर उतरवून ठेव, लॅपटॉपच्या बॅगेत नको, दुसरीकडे.

बॅकअपही त्याच दिवशी लाव. वनड्राइव्ह डेस्कटॉप आपोआप वर चढवतं खरं, पण मोफत जागा ५ जीबीच. ती भरली की पुढच्या फाइल वर जाणं थांबतं आणि आपण मात्र सुरक्षित आहोत असं समजत राहतो. शिवाय इथे खोडलं की तिथूनही खोडलं जातं. कोड रोज गिटहब या कोड साठवायच्या साइटवर, खासगी रिपॉझिटरीत, म्हणजे फक्त तुला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, पुश कर, बाकीचं दर रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी कर आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेव. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा इन्स्टॉलर त्यावर करून ठेव. मशीन चालू व्हायला नकार देईल त्या दिवशी तो बनवायला दुसरा कॉम्प्युटर जवळ असेलच असं नाही.